सोन्याचे बिल उशिरा आले तर

सोन्याच्या दागिन्याचे पक्के बिल दागिना ताब्यात देताना किंवा त्याआधी मिळायला हवे, असा कायदा आहे. व्यवहारात तसे नेहमी होत नाही. लग्नसराईत किंवा धनत्रयोदशीच्या गर्दीत, विशेषतः दोन पिढ्यांची ओळख असलेल्या पेढीवर, दागिना घरी येतो, हाती एक कच्ची चिठ्ठी पडते आणि बिल ‘सवडीने घेऊन जा’ या शब्दावर राहते. काही महिन्यांनी, कधी वर्ष उलटल्यावर, पेढीवरून फोन येतो: हिशेब लावला, अमुक इतके बाकी निघतात. कळवा, खारीगाव, विटावा, मनीषानगर इथल्या कुटुंबांचे सराफ कळवा नाक्यापासून ठाण्यातला गोखले रोड, राम मारुती रोड, जांभळी नाका आणि डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत पसरलेले आहेत; काहींचे जळगाव-कोल्हापूरलाही आहेत. दुकान कुठलेही असो, वाचकांचे प्रश्न तेच असतात. बाकी द्यावीच लागेल का? भाव कोणत्या दिवसाचा धरायचा? कच्ची चिठ्ठी पुरावा म्हणून चालते का? तक्रार ठाणे शहरात करायची की दुकान जिथे आहे तिथे?

पहिले काम: फरक कुठल्या ओळीत आहे ते शोधणे

बिल उशिरा आले ही एक तक्रार आणि बिलातली रक्कम चुकली ही दुसरी. दोन्ही एका दमात सांगितल्या की पेढीवाला पहिलीबद्दल माफी मागतो आणि दुसरी तशीच राहते. म्हणून पेढीवर जाण्याआधी चिठ्ठी, बिल आणि बँकेचा उतारा समोर ठेवून फरक कशामुळे पडला ते काढावे. तो पुढीलपैकी कुठे तरी सापडतो:

- सोन्याचा भाव वेगळ्या दिवसाचा धरला आहे.
- निव्वळ सोन्याऐवजी मणी, खडे, लाख यांसह ढोबळ वजनावर भाव लावला आहे.
- घडणावळ ठरल्यापेक्षा जास्त आहे, किंवा प्रति ग्रॅम ठरलेली टक्क्यांत लावली आहे.
- मोडीत दिलेल्या जुन्या सोन्याची घट जास्त धरली आहे.
- विसार किंवा मधले हप्ते जमा धरलेले नाहीत.

फरक सापडला की त्याची रक्कम एका ओळीत लिहून काढावी. ‘बिल चुकीचे वाटते’ या वाक्याला पेढीवर उत्तर मिळत नाही. ‘विसाराचे वीस हजार जमा दिसत नाहीत’ या वाक्याला द्यावेच लागते.

भाव कोणत्या दिवसाचा

मोठ्या रकमेचे वाद बहुधा इथेच असतात. सोन्याचा भाव स्थिर असता तर बिल सहा महिने उशिरा आल्याने फारसे बिघडले नसते. पण एप्रिल २०२५ मध्ये शुद्ध सोने दहा ग्रॅमला प्रथमच एक लाख रुपयांवर गेले, आणि त्याआधी २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले तेव्हा भाव काही दिवसांत हजारोंनी उतरला होता. अशा काळात तारीख बदलली की रक्कम बदलते.

हिशेब करून पाहिला की हे लख्ख दिसते. समजा, वीस ग्रॅम निव्वळ वजनाच्या पाटल्या ग्रॅमला ९,००० रुपये भाव असताना घरी आल्या आणि घडणावळ १२ टक्के ठरली. सोने १,८०,०००, घडणावळ २१,६००, त्यावर ३ टक्के जीएसटी ६,०४८. एकूण २,०७,६४८ रुपये. आता बिल लिहिताना त्या दिवसाचा ११,००० भाव धरला तर सोने २,२०,०००, घडणावळ २६,४००, कर ७,३९२, एकूण २,५३,७९२. फरक ४६,१४४ रुपयांचा. सोन्याच्या किमतीतला फरक चाळीस हजारांचाच आहे. वरचे सहा हजार घडणावळ आणि कर वाढल्याने आले, कारण दोन्ही टक्क्यांत आहेत. पाटल्या त्याच, कारागिराची मेहनतही तीच.

भाव ठरवण्याच्या पद्धती बाजारात तीन आहेत. पहिलीत ऑर्डर देतानाच पूर्ण वजनाचा भाव बांधला जातो. पुढे तो चढो वा उतरो, दोघांनाही बंधनकारक राहतो. दुसरीत विसाराच्या रकमेत जेवढे सोने बसते तेवढ्यापुरताच भाव बांधतात आणि उरलेल्याला दागिना घेण्याच्या दिवसाचा भाव लागतो. तिसरीत विसार नुसता जमा असतो आणि सगळ्या वजनाला दागिना घेण्याच्या दिवसाचा भाव असतो. बिल लिहिण्याच्या दिवसाचा भाव या तिन्हींत कुठेच बसत नाही. दागिना दिवाळीत दिला आणि बिल फाल्गुनात लिहिले, तर फाल्गुनातला भाव लावायला आधार नाही. बिल उशिरा करणे ही पेढीची चूक आहे. त्या चुकीचा फायदा पेढीला मिळता कामा नये आणि ग्राहकाने तो देऊही नये.

भाव बांधल्याचे कुठेच लिहिलेले नसेल तर काय? वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ९ नुसार किंमत करारात ठरलेली असावी, करारात सांगितलेल्या रीतीने ठरावी किंवा दोघांच्या आजवरच्या व्यवहाराच्या वहिवाटीवरून ठरावी. यांपैकी काहीच नसेल तर वाजवी किंमत द्यावी लागते. इथे त्याच पेढीची जुनी बिले कामाला येतात. गेल्या तीन खरेद्यांत दागिना घेण्याच्या दिवसाचाच भाव लागला असेल तर ती वहिवाट झाली. त्या दिवसाचा भाव काय होता हे वर्तमानपत्रांतल्या सराफा भावावरून किंवा इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनच्या रोजच्या दरावरून काढता येते. असोसिएशनच्या दरात जीएसटी धरलेला नसतो आणि स्थानिक दुकानाचा भाव त्याहून थोडा इकडेतिकडे असतो, हे लक्षात घेऊनच तुलना करावी.

इथे सराफाची बाजूही नीट समजून घ्यावी. ऑर्डर वहीत ‘भाव डिलिव्हरीचा’ असे लिहून ग्राहकाने सही केली असेल, तर मधल्या काळात वाढलेला भाव दागिना घेण्याच्या दिवसापर्यंत ग्राहकाच्याच अंगावर येतो. ती बाकी खरी आहे आणि बिल उशिरा आले या कारणाने बुडत नाही.

तारखेचा एक पुरावा दागिन्यावरच असतो

दागिना कधी तयार झाला आणि कधी हाती आला यावर वाद असेल, तर हॉलमार्क पाहावा. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी असल्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्याच्या आतल्या बाजूला तीन खुणा असतात: भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (बावीस कॅरेटला २२के९१६) आणि एचयूआयडी. भिंगाखाली हा क्रमांक वाचून ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि हॉलमार्किंगची तारीख दिसते. त्या पडद्याचे छायाचित्र लगेच काढून ठेवावे. दागिना जूनमध्येच हॉलमार्क होऊन तयार होता आणि पेढी ‘तो नोव्हेंबरात घडला’ म्हणत असेल, तर ही तारीख फार बोलकी ठरते. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे दागिने, कुंदन, पोलकी आणि जडाऊ यांना ही सक्ती नाही. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांपर्यंत असलेल्या छोट्या सराफांनाही सूट आहे. त्यामुळे खूण नाही म्हणजे फसवणूकच, असे लगेच ठरवू नये.

अ‍ॅपमधली शुद्धता आणि बिलातली शुद्धता जुळत नसेल तर वाद वेगळ्याच पातळीवर जातो. हॉलमार्किंग केंद्रात ग्राहकाला स्वतः दागिना तपासून घेता येतो. कस कमी निघाला, तर भारतीय मानक ब्युरो नियम, २०१८ प्रमाणे विकलेल्या वजनावर कसातल्या तुटीची जी रक्कम होते तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळतो.

वजन आणि मोडीचे सोने

मंगळसूत्रात काळे मणी असतात, पाटल्या-तोड्यांत लाख असू शकते, ठुशीत धागा आणि खडे येतात. काट्यावर दिसते ते ढोबळ वजन. भाव लावायचा तो निव्वळ सोन्याच्या वजनावर. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात प्रत्येक नगाचे निव्वळ वजन, कॅरेटमध्ये शुद्धता आणि हॉलमार्किंगचे शुल्क वेगळे लिहिणे बंधनकारक आहे. एकाच आकड्यात ‘२४.३५० ग्रॅम’ लिहिलेले बिल परत करून निव्वळ वजन मागावे. मण्यांना सोन्याचा भाव लागला असेल तर तो याच टप्प्यावर सापडतो.

तोळ्याचाही घोटाळा होतो. घरातली ज्येष्ठ माणसे तोळा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात जुना ११.६६ ग्रॅमचा तोळा असू शकतो. आजच्या पेढीवर तोळा म्हणजे दहा ग्रॅम. तोंडी ‘पाच तोळ्यांचे’ ठरले असेल तर आठ ग्रॅमहून जास्तीचा फरक इथेच पडतो. चिठ्ठीवर नेहमी ग्रॅमच लिहून घ्यावेत.

मोडीच्या सोन्यात मात्र ग्राहकाची बाजू सर्वांत कमकुवत असते, कारण आटणी झाली की पुरावा उरत नाही. आईच्या बांगड्या वितळून गेल्यावर त्यांचे वजन किती होते, टाक्याचे किती गेले, कस किती निघाला हे सगळे पेढीच्या शब्दावर राहते. म्हणून सोने आटवण्यापूर्वी वजन, मोजलेला कस आणि धरलेली घट यांची सही-शिक्क्याची नोंद घ्यावी आणि दागिना काट्यावर असताना मोबाइलवर छायाचित्र काढावे. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा चालू वर्षाचा शिक्का आहे का, तेही बघावे. वेळ निघून गेली असेल तर घरातली जुनी बिले, विम्याची यादी किंवा सोनेतारण कर्जाच्या वेळी बँकेने केलेले मूल्यांकन शोधावे. त्या मूल्यांकनाच्या कागदावर वजन आणि कस दोन्ही लिहिलेले असतात.

पक्के बिल आणि कच्ची चिठ्ठी

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ चे कलम ३१ नोंदणीकृत व्यापाऱ्यावर वेळेत बिल देण्याची जबाबदारी टाकते. विसार घेतला की पावती देणेही त्याच कलमात आहे. ऑर्डर रद्द होऊन पैसे परत केले तर त्याचीही वेगळी पावती असते. पसंतीसाठी घरी नेलेल्या दागिन्याला थोडी सवड आहे, पण तिथेही सहा महिन्यांच्या आत बिल झाले पाहिजे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार विहित पद्धतीने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे बिल मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, त्यासाठी भांडण व्हावे लागत नाही.

बिलावर पेढीचे नाव-पत्ता, जीएसटी क्रमांक, अनुक्रमांक, तारीख, वस्तूचे वर्णन आणि कराची रक्कम हवी. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा आणि २७ ने सुरू होणारा असतो. तो जीएसटी पोर्टलवर टाकून पेढीचे नाव जुळते का पाहता येते. आधी दिलेल्या बिलातली रक्कम बदलायची असेल तर पेनाने खाडाखोड चालत नाही. जास्त लागली असेल तर क्रेडिट नोट, कमी लागली असे सराफाचे म्हणणे असेल तर डेबिट नोट काढावी लागते. डेबिट नोट काढण्याची तयारी नसलेली ‘बाकी’ तोंडीच राहते, आणि तोंडी बाकीपोटी पैसे देऊ नयेत.

कच्ची चिठ्ठी बिलाची जागा घेत नाही, तरी ती फेकू नये. पेढीच्या माणसाच्या अक्षरात तारीख, वजन आणि भाव लिहिलेला तो कागद ग्राहक आयोगापुढे चांगला पुरावा ठरतो. सोबत यूपीआय किंवा कार्डाचा उतारा असला की तारीख पक्की होते. रोखीने पैसे दिलेले अनेक जण तक्रार करायला घाबरतात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे, पण त्याचा दंड स्वीकारणाऱ्याला होतो. रोख दिले म्हणून ग्राहकाचा तक्रारीचा हक्क जात नाही. मात्र दिलेली रक्कम सिद्ध करणे अवघड होते आणि ती कुठून आली हे प्राप्तिकर खात्याने विचारले तर सांगता आले पाहिजे.

पेढीशी बोलणे आणि पत्र

आधी पेढीवर जावे, शक्यतो दुपारी गर्दी नसताना, आणि मालकाशी बोलावे. काउंटरवरच्या माणसाला भाव बदलण्याचा अधिकार नसतो. ऑर्डर वहीतले आपले पान बघायला मागावे व त्याचे छायाचित्र घ्यावे. बरेच वाद त्या पानावरच मिटतात: विसार दुसऱ्याच खात्यात जमा झालेला असतो किंवा वजनाचा आकडा चुकून उलटसुलट पडलेला असतो. बोलणे झाले की त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा गोषवारा पाठवावा. ‘आज आपण म्हणालात की…’ अशी सुरुवात असलेला साधा संदेश पुढे उपयोगी पडतो.

आठवडाभरात उत्तर आले नाही तर लेखी पत्र द्यावे. वकिलाची नोटीस पहिल्याच पायरीवर लागत नाही. पत्राचा मजकूर असा ठेवता येईल:

> दिनांक … रोजी आपल्या पेढीतून … हा दागिना (एचयूआयडी …, निव्वळ वजन … ग्रॅम) घेतला. त्यापोटी दिनांक … आणि … रोजी मिळून … रुपये दिले. पक्के बिल दिनांक … रोजी मिळाले. त्यात ग्रॅमला … रुपये भाव धरला आहे. ठरलेला भाव … रुपये होता. त्यामुळे … रुपयांची मागणी मान्य नाही. पंधरा दिवसांत ऑर्डर वहीची नक्कल, वजनाची नोंद आणि जमा रकमांचा उतारा द्यावा व बिल दुरुस्त करून द्यावे.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपावी, किंवा हाती देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. पत्रात राग, आरोप, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी यातले काही नसावे. हेच पत्र पुढे आयोगापुढे वाचले जाते, आणि पेढीवर जाहीर आरोप केल्यास बदनामीचा उलटा दावा ओढवतो.

पैसे द्यावेत की थांबवावेत

बाकीचा काही भाग खरा असेल तर तेवढा बँकेमार्फत द्यावा आणि सोबत ‘अमुक दागिन्याच्या मान्य रकमेपोटी, उरलेल्या मागणीवर हरकत राखून’ असे लिहून कळवावे. वादातल्या रकमेसाठी पुढच्या तारखेचा किंवा कोरा धनादेश मुळीच देऊ नये. तो न वटता परत आला, तर बिलाचा साधा वाद धनादेश न वटण्याचा फौजदारी खटला होऊन बसतो.

दागिना पेढीतच असेल आणि सराफ तो अडवत असेल तर दोन परिस्थिती वेगळ्या ओळखाव्यात. विकलेल्या दागिन्याची किंमत पूर्ण मिळेपर्यंत तो ताब्यात ठेवण्याचा हक्क विक्रेत्याला आहे. घडवायला किंवा दुरुस्तीला दिलेल्या सोन्यावर त्याच कामाच्या मजुरीपुरता हक्क कारागिरालाही आहे. पण गेल्या वर्षीच्या हाराची बाकी आहे म्हणून या वर्षी डाग लावायला दिलेले मंगळसूत्र अडवून ठेवता येत नाही. कुठल्याही जुन्या येण्यापोटी वस्तू रोखण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय करार अधिनियमाच्या कलम १७१ मध्ये बँका, वकील अशा मोजक्यांनाच दिला आहे; त्यात सराफ नाहीत. ग्राहकाचे स्वतःचे सोने असे अडवले गेले तर पोलिसांत तक्रार देण्याइतकी ती बाब गंभीर आहे. कळव्यातल्या दुकानासाठी ती कळवा पोलीस ठाण्यात द्यावी. नुसत्या भावाच्या फरकावर मात्र पोलीस ‘दिवाणी बाब’ म्हणून परत पाठवतात, आणि ते बरोबर आहे.

दोन मुदती: तीन वर्षे आणि दोन वर्षे

सराफाला बाकी वसूल करायची असेल तर मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे दागिना दिल्यापासून तीन वर्षांत दिवाणी दावा लावावा लागतो; उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून तीन वर्षे. बिल उशिरा लिहिले म्हणून ही मुदत बिलाच्या तारखेपासून सुरू होत नाही. मात्र त्या तीन वर्षांच्या आत ग्राहकाने सही करून बाकी कबूल केली किंवा नोंद राहील अशा रीतीने काही रक्कम भरली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. म्हणून न पटलेल्या बाकीबद्दल भिडेखातर ‘देते हळूहळू’ असे लिहून पाठवू नये, ‘सध्या पाच हजार ठेवा’ असेही करू नये. मुदत गेल्यावर दावा चालत नाही, पण ऋण संपत नाही. बाकी खरी असेल तर ती द्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. या लेखाचे मत विचाराल तर ती द्यावी. दाव्याऐवजी दमदाटी, वसुलीची माणसे घरी पाठवणे किंवा सोसायटीत बदनामी हे मार्ग सराफाला मोकळे नाहीत.

ग्राहकाची मुदत आणखी कमी आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण लागते, आणि पत्रव्यवहार चालू होता हे कारण सहसा पुरत नाही. ‘पुढच्या महिन्यात बघू’ या आश्वासनांत दोन वर्षे निघून जातात. पहिला नकार ज्या दिवशी मिळाला ती तारीख वहीत लिहून तिच्यापासून मोजावे.

तक्रार कुठे आणि कशाची

कुठल्या दाराशी काय मिळते हे आधी माहीत असले की फेऱ्या वाचतात.

- राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५: तक्रार पेढीपर्यंत पोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. आदेश देऊ शकत नाही, पण मोठ्या साखळी दुकानांबाबत तेवढ्याने काम होते.
- भारतीय मानक ब्युरो: हॉलमार्क, शुद्धता, एचयूआयडीच्या तक्रारी. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमधूनच करता येतात.
- वैधमापन शास्त्र विभाग: काटा आणि वजन.
- राज्याचा वस्तू व सेवा कर विभाग: बिल न देणे, खोटा क्रमांक. पेढीला दंड होऊ शकतो. ग्राहकाला पैसे मिळत नाहीत.
- जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग: जास्त घेतलेली रक्कम परत, बिल दुरुस्ती, नुकसानभरपाई आणि खर्च.

पैसे परत हवे असतील तर आयोगच. दागिन्याची किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग; पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४०० आणि त्यापुढे पन्नास लाखांपर्यंत १,००० रुपये. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाण्याची मुभा २०१९ च्या कायद्याने दिली. त्यामुळे कळव्यात राहणाऱ्या ग्राहकाने दागिना झवेरी बाजारात किंवा जळगावला घेतला असला तरी तक्रार ठाणे जिल्हा आयोगाकडे करता येते. खाडी ओलांडून पलीकडे ठाण्यात गेले की काम होते, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. तक्रारीसोबत चिठ्ठी, बिल, बँकेचा उतारा, एचयूआयडीचे छायाचित्र, पत्र व पोचपावती आणि एका पानाचा तारीखवार घटनाक्रम जोडावा. सुनावणीच्या दिवशी सर्वांत आधी हे पान पाहिले जाते, तेव्हा ते जपून लिहावे.

समोरच्या पेढीला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. तपासणीची गरज नसलेली तक्रार तीन महिन्यांत आणि तपासणी लागणारी पाच महिन्यांत निकाली काढावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेवढी तयारी ठेवावी. मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो विनाकारण नाकारू नये. भावाच्या वादात अर्ध्यावर तडजोड होऊन दोन महिन्यांत पैसे हाती येणे हे दोन वर्षांनी येणाऱ्या पूर्ण आदेशापेक्षा अनेकदा बरे असते. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद, किमान पंचवीस हजार ते कमाल एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

मासिक हप्त्यांच्या योजनेत बिल अडले असेल तर

अकरा हप्ते भरून बाराव्या महिन्यात दागिना घ्यायच्या योजनांत बिलाचा उशीर वेगळ्या नजरेने पाहावा. या योजना बहुधा अकरा महिन्यांच्या का असतात? वस्तूसाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीने ३६५ दिवसांत वस्तूपोटी वळती केली नाही, तर ती नियमांनुसार ठेव ठरते. मुदत भरूनही पेढी ‘माल आला नाही, बिल नंतर’ म्हणत असेल तर भावाचा वाद बाजूला ठेवून दागिना किंवा रक्कम लगेच मागावी. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीत, गुडविन ज्वेलर्सची डोंबिवली-ठाण्यातली दुकाने बंद झाली तेव्हा मासिक योजनांत आणि मुदत ठेवींत पैसे गुंतवलेली अनेक कुटुंबे अडकली. डोंबिवलीत रामनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ लावला गेला आणि डिसेंबर २०१९ मध्ये मालक असलेल्या भावांना अटक झाली. अशा प्रकरणात एकट्याने ग्राहक आयोगात जाण्यापेक्षा पोलीस आयुक्तालयाच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे पासबुक आणि पावत्यांसह जबाब नोंदवणे आधी करावे, कारण मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना वाटण्याची तरतूद त्या कायद्यात आहे.

वाद कुठल्याही प्रकारचा असो, शेवटी वकिलाबद्दल. दागिन्यांचे व्यवहार अनेक घरांत बाई करते आणि वाद आला की वकिलाच्या खर्चाला भिऊन गप्प बसते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रियांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाणे जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज केला की पुरते. सोबत बिल आणि चिठ्ठी न्यावी.